स्क्रीन कॉपी: मोबाईल अ‍ॅपवर एचसीआयचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी परीक्षण

एमएस्सी किंवा एमसीएच्या शेवटच्या सत्रात एचसीआयचा, म्हणजे माणूस संगणक-मोबाईल कसा वापरतो याच्या अभ्यासाचा, प्रोजेक्ट घेतला की मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लोक अडले कुठं, ते दाखव." तक्ते, सरासरी, आलेख हे सगळं नंतर. दुधाची बिलं किंवा गुळाचे भाव दाखवणारं अ‍ॅप तपासायचं असेल, तर शेतकऱ्याचं बोट कुठं गेलं आणि कुठून परत आलं हे पुन्हा पुन्हा पाहता यायला हवं. या कामाला अँड्रॉइड फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दाखवणारा आणि रेकॉर्ड करणारा स्क्रीन कॉपी हा प्रोग्रॅम सगळ्यात भरवशाचा आहे, आणि कोल्हापुरात प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा तरी लावून बघावाच.

शोधताना नाव एस-सी-आर-सी-पी-वाय असं टाकायचं. जेनीमोबाईल या कंपनीचा हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम फुकट आहे. खातं उघडायला नको, जाहिराती नाहीत, व्हिडिओवर कुणाचा शिक्का उमटत नाही, फोनवर कायमचं काही बसत नाही. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. फोन अँड्रॉइड 5 किंवा पुढचा हवा; आयफोनवर मात्र चालत नाही. डाउनलोड फक्त गिटहब या प्रोग्रॅमचे कोड ठेवण्याच्या साइटवरच्या मूळ पानावरूनच करावं, कारण सारख्या नावाच्या बनावट साइट आहेत.

जोडणी सोपी आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर 7 वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपला केबलमधून फोनशी बोलू देणारी सोय) चालू करायचं, केबल लावायची आणि फोनवर येणाऱ्या चौकटीत परवानगी द्यायची. फोन लॅपटॉपला दिसलाच नाही, तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही, त्यामुळं राजारामपुरीत केबल घेताना डेटा केबल आहे ना, हे विचारून घ्यावं. लांबी 2 मीटर असावी. आखूड केबल फोनला ओढ देते आणि माणूस फोन नेहमीसारखा धरत नाही. मग अंगठा कुठं पोचतो, याबद्दलची सगळी निरीक्षणं वाया जातात. वायफायवरूनही जोडता येतं, पण कॉलेजच्या नेटवर्कवर दोन उपकरणांना एकमेकांशी बोलायची मुभा बहुधा नसते. केबलच बरी.

प्रोग्रॅम कमांड लाईनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालतो. सगळे पर्याय एका बॅच फाइलमध्ये (डबल-क्लिक केलं की आतल्या आज्ञा चालवणारी फाइल) लिहून ती डेस्कटॉपवर ठेवा, म्हणजे समोर माणूस ताटकळत बसलेला असताना टाइप करत बसावं लागणार नाही. नो-कंट्रोल हा पर्याय हवाच. नाहीतर लॅपटॉपवर चुकून झालेलं क्लिक थेट त्या माणसाच्या स्क्रीनवर उमटतं आणि तो म्हणतो, "मी काय बी दाबलं नाही, आपोआप पुढं गेलं बघा." तेवढा प्रयत्न बाद. पण इथं एक खोच आहे: नो-कंट्रोलसोबत शो-टचेस आणि स्टे-अवेक हे पर्याय दिले, तर प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. म्हणून स्पर्शाचा ठिपका दाखवणारं 'शो टॅप्स' आणि स्क्रीन जागी ठेवणारं 'स्टे अवेक' फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्येच हातानं चालू करायचं. ऑटो-रोटेट बंद, डू नॉट डिस्टर्ब चालू.

व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठणारा डेटा, मुळात 8 एमबीपीएस असतो. त्या हिशोबानं 45 मिनिटांच्या चाचणी-सत्राची फाइल 2.7 जीबीपर्यंत जाऊ शकते. 2 एमबीपीएस आणि लांब बाजू 1280 पिक्सेल ठेवली, तर ती 675 एमबीच्या आत बसते आणि मराठी अक्षरं, वेलांट्या-उकारांसकट, नीट वाचता येतात. फाइल एमकेव्ही प्रकारची घ्यावी. मध्येच लॅपटॉप बंद पडला, तर एमपी4 बहुधा उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. लॅपटॉपची बॅटरी मात्र पूर्ण भरून न्या, कारण केबलमधून फोन तिच्यावरच चार्ज होत असतो.

आवाजाच्या बाबतीत हा प्रोग्रॅम गोत्यात आणतो. अँड्रॉइड 11 पासून पुढं तो फोनचा आवाज आपोआप लॅपटॉपकडं ओढून घेतो आणि फोनचा स्पीकर गप्प होतो. तुमचं अ‍ॅप बोलून सूचना देणारं असेल, तर समोरच्याला काहीच ऐकू येणार नाही आणि तुम्ही मात्र वहीत 'सूचना समजली नाही' असं लिहून मोकळे व्हाल. नो-ऑडिओ द्या आणि माणसाचं बोलणं दुसऱ्या फोनवर वेगळं रेकॉर्ड करा. दोन्ही जुळवायला सुरुवातीलाच नखानं स्क्रीनवर एकदा टक्कन वाजवा: व्हिडिओत ठिपका, ऑडिओत टक. तेच शून्य सेकंद.

आता या रेकॉर्डिंगमध्ये काय येत नाही ते बघा, कारण तोंडी परीक्षेत प्रश्न त्यावरच येतात. ठिपका बोट टेकल्यावरच उमटतो. 'जतन करा' आणि 'पाठवा' या दोन बटणांच्या मध्ये अंगठा अधांतरी फिरत राहिला, तर व्हिडिओत फक्त स्थिर स्क्रीन दिसते. खरी अडचण नेमकी त्या चार सेकंदांत असते. त्यासाठी उजव्या खांद्याच्या मागून हात दिसेल असा दुसरा कॅमेरा स्टँडवर लावावा. तसंच ऊन. गुऱ्हाळाच्या अंगणात भर दुपारी फोनवर काही दिसत नसतं, माणूस तळहाताची सावली धरून वाचत असतो. लॅपटॉपवर मात्र तीच स्क्रीन लख्ख दिसते. नुसत्या रेकॉर्डिंगवरून 'फिकट राखाडी अक्षरं चालतात' असा निष्कर्ष काढला, तर तो साफ चुकीचा. प्रत्येक सत्रात जागा, वेळ आणि उजेड यांची नोंद हवी.

यूपीआय पिनसारख्या सुरक्षित स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये काळ्या येतात. ही सोय चांगलीच आहे, कुणाचा पिन आपल्या हार्ड डिस्कवर असताच कामा नये. काही बँकांची अ‍ॅप्स तर डेव्हलपर ऑप्शन्स चालू असताना उघडतच नाहीत. पैसे भरण्याचा टप्पाच अभ्यासाचा विषय असेल, तर तेवढ्या स्क्रीनचा नकली नमुना फिग्मा या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये करून घ्यावा.

लोकांच्या स्वतःच्या फोनवर डीबगिंग चालू करायला लावू नका. प्रोजेक्टचा वेगळा फोन ठेवा, पण त्यांच्या फोनमधला अक्षरांचा आकार, भाषा आणि कीबोर्ड तसाच त्यात लावून द्या. मोठ्या अक्षरांची सवय असलेल्या माणसाला बारीक अक्षरं दिली, तर तुम्ही अ‍ॅप तपासत नसून त्याची नजर तपासताय.

वेळ मोजायला हा व्हिडिओ उत्तम आहे. आयएसओ 9241-11 या आंतरराष्ट्रीय मानकात उपयोगक्षमता परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान यांत मोजतात. यातल्या पहिल्या दोन्हींचा पुरावा फाइलमध्ये मिळतो. पण "मनात येईल ते बोलत बोलत करा" असं सांगितलेल्या प्रयत्नाचा वेळ तक्त्यात घेऊ नका. बोलताना हात मंदावतो. वेळेसाठी वेगळी कामं द्यावीत, ती न बोलता करून घ्यावीत.

आणखी एक, खास आपल्याकडचं. अभ्यासक्रमाचं चौथं सत्र आणि उसाचा गळीत हंगाम एकमेकांवर येतात. तोड आलेली असताना शेतकरी 45 मिनिटं देणार नाही, आणि शाहू मार्केट यार्डात सौदे चालू असताना रेकॉर्डिंगमध्ये गलक्याशिवाय काही ऐकू येणार नाही. एक-दोन जणांवरची चाचपणी डिसेंबरातच उरकून घ्या. तासाभराचं बोलणं लिहून काढायला चार ते सहा तास लागतात, आणि "दाबलं की, पर काय होईना" हे आपोआप लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला नीट उमगत नाही, तेव्हा तो वेळही धरून चला.

चाचणी-सत्र संपलं की फोनमधून यूएसबी डीबगिंगच्या दिलेल्या परवानग्या रद्द करा, फाइलला नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या, आणि मार्गदर्शकांकडं जाताना अख्खा व्हिडिओ न नेता अडलेल्या जागांचे मिनिटं-सेकंदांसह तीन छोटे तुकडे कापून न्या.