आठ महिने टर्नटेबल वापरला: डग्गा हरवला, मग सापडला

मी भुसावळचा. घरामागून मालगाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरतात, त्यामुळे बेस कशाला म्हणतात हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. गेल्या दिवाळीत बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल घेतला, म्हणजे पट्ट्यावर फिरणारा रेकॉर्ड प्लेअर, पहिली एलपी लावली आणि आबा म्हणाले, "आवाजमा दम नही शे रे." आबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, त्यांच्या कानाशी वाद घालत नाही कुणी. तबला ऐकू येत होता, पण डग्गा नुसता टक्-टक्. घुमारा नावालाही नाही.

ती चूक तासाभरात सापडली. मागे फोनो आणि लाइन असं बारीक बटण आहे. ते होतं फोनोवर, आणि माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनो इनपुटच नाही, वायर ऑक्समध्ये, म्हणजे साध्या इनपुटमध्ये खुपसलेली. रेकॉर्ड कापतानाच खालचे सूर दाबून ठेवतात, नाहीतर खाच डुलत डुलत शेजारच्या खाचेत शिरेल. वाजवताना प्रीअँपने, म्हणजे अ‍ॅम्पच्या आधीच्या छोट्या सर्किटने, ते परत उचलायचे. कुठला सूर किती दाबायचा-उचलायचा हे ठरवणाऱ्या, १९५४पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रात २० हर्ट्झला ही उचल जवळपास २० डेसिबल आहे. प्रीअँप वगळला की डग्गा गेलाच! बटण लाइनवर केलं, टर्नटेबलातलाच प्रीअँप चालू झाला, आवाज भरला.

मग एप्रिलमध्ये मी शहाणपणा केला. काडतूस बदललं, म्हणजे सुई बसते तो कार्ट्रिज. आणि बेस पुन्हा गायब.

या वेळी तीन आठवडे गेले. सुईचं वजन काट्यावर मोजलं, बरोबर २ ग्रॅम. स्पीकर भिंतीकडे सरकवले, थोडा फरक पडला. बेसचा नॉब पूर्ण फिरवला, तर डग्गा आला नाही, मालगाडी मात्र सुईतून स्पीकरमध्ये आली. जळगावच्या एका दुकानदाराने सबवूफर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. घेतला असता तर पैसे पाण्यात.

शेवटी सहज म्हणून नाट्यसंगीताची एक जुनी मोनो एलपी लावली आणि अ‍ॅम्पवरचं, डावा-उजवा आवाज एकत्र करणारं मोनो बटण दाबलं. गायक गेला! पेटी गेली, तबला गेला, उरली फक्त खरखर. बटण सोडलं की सगळी मंडळी परत हजर. दोनतीनदा करून पाहिलं, आबांनाही दाखवलं, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: एक चॅनेल उलटा लागलाय. एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. खोलीत खालचे सूर एकमेकांना खातात, वरचे बरेचसे तगतात, म्हणून संशय येत नाही.

हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवायचा दांडीच्या टोकाचा तुकडा, काढलं. चार केसासारख्या वायरी: पांढरी डावीकडची प्लस, निळी तिची मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी तिची मायनस. लाल आणि हिरवी मी अदलाबदल करून लावली होती, भरदुपारी लाइट गेलेली असताना, मोबाइलच्या उजेडात. चिमट्याने हलकेच उपसल्या, जागेवर बसवल्या. पिनला धरून ओढलं तर कार्ट्रिज कायमचं जातं, म्हणून हात थरथरत होते.

बाकी मशीन ठीक. मोटर शांत, पट्टा अजून तोच, झाकणाची बिजागरी मात्र ढिली. मे महिन्यात खिडकीशी ठेवलेली एक एलपी पापडासारखी वाकली, ते आमच्या उन्हाच्या खात्यात. आबांना आता डावा स्पीकर वीतभर पुढे हवा आहे. सरकवतो म्हटलं, पण मध्ये गव्हाच्या कोठीचा पाय येतो.