डंजनेस खेकडा: नऊ महिने खाल्ल्यानंतर

सिएटलला येऊन नऊ महिने झाले. एवढ्यात डंजनेस खेकडे पंधरा-सोळा वेळा तरी आणले असतील. नाव इथल्याच, वॉशिंग्टन राज्यातल्या डंजनेस गावावरून पडलंय.

पहिल्यांदा सवयीने अलिबागी कालवण केलं आणि फसलो. चव आली ती वाटणाची. आपल्या खाडीतली चिंबोरी मसाल्याला पुरून उरते. हा थंड पाण्यातला गडी गोड आणि मवाळ, खोबऱ्यापुढे गप्पच बसतो. आता मिठाच्या पाण्यात १८ मिनिटं उकडतो, नांग्या फोडतो, वरून लसूण परतलेलं तूप. बस्स. मांस पांढरंशुभ्र, धाग्याधाग्यांनी सुटतं. पण ९०० ग्रॅमच्या खेकड्यातून जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम निघतं, तेव्हा भाव मनातल्या मनात चौपट धरा.

एका दुकानात टाकीतला सगळ्यात मोठा उचलला. घरी फोडला तर आत पाणीच पाणी! नुकतीच कात टाकलेला होता. कवच नवं, मोठं, आणि मांस अजून भरायचंय. दुकानदार म्हणतो, "जिवंत होता ना?" आता पायाचा जाड भाग अंगठ्याने दाबून बघतो. दबला की परत टाकीत. आकारापेक्षा हाताला जड लागतोय का ते बघा.

किंग क्रॅब हा वेगळा, मोठा खेकडा; त्याचे गोठवलेले पाय आधीच उकडलेले असतात. मी ते रश्श्यात पुन्हा शिजवले, रबर झालं. नुसती वाफ द्या, मीठ अजिबात नको.

जुलैत आई आली होती. पहिला खेकडा उघडताच तिचा प्रश्न, "लाख कुठाय रे हिच्यात?" लाख म्हणजे मादीतली अंडी, ती कुठली असणार! इथे मादी ठेवायचीच नाही, सोडून द्यायची. सिएटलच्या प्युजेट साउंड खाडीत नरसुद्धा पाठ रुंदीला सव्वासहा इंच भरली तरच घरी. मित्राबरोबर पिंजरे टाकले तेव्हा ११ आले, ३ ठेवता आले. पाठीतलं पिवळंही मी काढून टाकतो, ते बघून ती आणखी चिडली. पण शेवाळातलं डोमोइक ॲसिड नावाचं विष तिथेच साठतं आणि उकडून जात नाही. २०१५ साली त्यापायी इथला हंगामच लांबला होता. हे सगळं तिला सांगितलं. तिने ऐकलं, मी हौसेने आणलेला चिमटा बाजूला सारला, आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन नांग्या ठेचायला बसली. दोन खेकडे एकटीने संपवले.