एचएमओ प्लॅनचा अकरावा महिना, आमचा अनुभव

जानेवारीत आम्ही पीपीओ (रेफरल न घेता कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं असा हेल्थ इन्शुरन्स) सोडून एचएमओ (स्वस्त, पण ठरलेल्या डॉक्टरांपुरता) घेतला. आता परत ओपन एनरोलमेंट, म्हणजे प्लॅन निवडायचे दिवस, आलेत आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोघीजणींनी विचारलं की घेऊ का, त्यांना फोनवर सांगता सांगता तास गेला, म्हणून सगळं एकदा नीट लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ, घरात चौघं, मुलगा 9 आणि मुलगी 13. प्लॅनचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

घेतला तो पैशासाठीच. पीपीओचे दर पगाराला 410 डॉलर कापले जायचे, याचे 225, वर्षाला 26 पगार म्हणजे हिशोब करा. शिवाय याला डिडक्टिबल (इन्शुरन्स द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) नाही, फक्त कोपे, म्हणजे दर भेटीला ठरलेले पैसे, आपल्या डॉक्टरचे 25, स्पेशालिस्टचे 50. बदल्यात एक अट, आधी प्रायमरी, म्हणजे आपली नेहमीची डॉक्टर, त्यांनी रेफरल (पुढे पाठवायची चिठ्ठी) दिलं तरच पुढे आणि तेही नेटवर्कमध्येच, म्हणजे प्लॅनच्या यादीतल्यांकडेच. पुण्यात खांदा दुखला की आपण सरळ हाडाच्या डॉक्टरकडे जातो, तशी सवय असेल तर पहिले दोन-तीन महिने चिडचिड होते. माझी झाली.

पण प्रायमरी डॉक्टर चांगली मिळाली की या प्लॅनचं अर्धं काम झालं असं माझं मत आहे. आमच्या बाईंनी पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं दिली, घरात कुणाकुणाला शुगर आहे ते विचारलं, आणि नवरा 46 चा आहे म्हटल्यावर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, लिहून दिली. हे तपासणीचं वय 2021 मध्ये 50 वरून 45 वर आणलंय आणि अशा प्रिव्हेंटिव्ह तपासण्यांचे पैसे घ्यायचे नाहीत असा 2010 पासून कायदाच आहे. हॉस्पिटलात नाही, वेगळ्या सर्जरी सेंटरमध्ये झाली, सकाळी 7 ला गेला आणि 11 ला घरी पोहे खात होता. एक पॉलिप (आतड्यातली छोटी गाठ) निघाला, काढला, बिल शून्य. पीपीओत असताना आम्ही ही टाळत आलो होतो, त्यामुळे या एका गोष्टीसाठी मी त्या बाईंची कायम ऋणी राहीन.

आता त्रासाचं. मार्चमध्ये माझा उजवा खांदा धरला, इतका की केसांना क्लिप लावता येईना, वरच्या फळीवरचा डबा मुलीला काढायला सांगायचे. फिजिओचं रेफरल लगेच मिळालं, 12 व्हिजिट्स, पण तीन आठवड्यांनी रात्रीची झोपच उडाली तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आणि इन्शुरन्सने प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे आधी घ्यायची मंजुरी, नाकारलं. का, तर आधी सहा आठवडे फिजिओ पूर्ण करा. मला न बघितलेला माणूस माझ्या डॉक्टरला सांगतो की गरज नाही, हे पत्र वाचताना हात थरथरत होते. शेवटी आमच्या बाईंनीच इन्शुरन्सच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं केलं, त्याला पीअर टू पीअर म्हणतात, आणि एकोणिसाव्या दिवशी मंजुरी आली. नकाराचं पत्र आलं की फेकू नका, अपील करायला 180 दिवस असतात आणि पहिला फोन डॉक्टरच्या ऑफिसला करा, ते बोलले की काम लवकर हलतं.

एमआरआय कुठे करायचा ते मात्र मी विचारून घेतलं. हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागात कोपे 250 आणि दहा मिनिटांवरच्या स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये 75. हे विचारायचं शहाणपण आलं ते फेब्रुवारीतल्या एका रक्ताच्या तपासणीमुळे. क्लिनिकच्या कॉरिडॉरमध्येच लॅब होती म्हणून तिथेच हात पुढे केला, ती लॅब निघाली हॉस्पिटलच्या मालकीची आणि आमच्या प्लॅनच्या यादीत नसलेली, 186 डॉलर. आधी ईओबी, म्हणजे खर्चाचा हिशोब सांगणारा इन्शुरन्सचा कागद, आला, त्यावर ठळक अक्षरात "धिस इज नॉट अ बिल", म्हणून मी निवांत, आणि तीन आठवड्यांनी खरं बिल. इथे एकाच बिल्डिंगमध्ये एका दाराचा दर वेगळा आणि शेजारच्याचा वेगळा असतो, बाहेरून काही कळत नाही. तेव्हापासून कार्डामागच्या नंबरवर फोन करून विचारते आणि रेफरन्स नंबर वहीत लिहिते.

अर्जंट केअरचा, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय छोट्या तक्रारींसाठी जायच्या क्लिनिकचा, अनुभव छान. मुलाची हनुवटी रविवारी क्रिकेट खेळताना फुटली, 50 डॉलर, चार टाके, दीड तासात घरी. ऑगस्टमध्ये मुलीला रात्री उजव्या बाजूला पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा फोनवर सल्ला देणाऱ्या नर्स लाइनने सांगितलं, अर्जंट केअर नको, सरळ ईआर, म्हणजे हॉस्पिटलची इमर्जन्सी रूम. इमर्जन्सीला रेफरल लागत नाही, मंजुरी लागत नाही, नेटवर्कबाहेरचं हॉस्पिटल असलं तरी 2022 पासूनच्या कायद्यामुळे ते जादा बिल लावू शकत नाहीत, हे पाठच करून ठेवा, अशा वेळी यादी बघत बसू नका. फक्त रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स या कायद्यात येत नाही. रात्रभर ठेवून घेतलं, सलाइन, सोनोग्राफी, अपेंडिक्स नव्हतं, पोटातल्या गाठी सुजल्या होत्या. आणि बिलात ती अॅडमिट नव्हतीच! ऑब्झर्वेशन म्हणजे आउटपेशंट, बेडवर झोपली, हातात सुई, तरी कागदावर बाहेरची पेशंट. ईआरचे 350 वेगळे आणि ऑब्झर्वेशनचा कोपे वेगळा. रात्री ठेवून घेत असतील तर अॅडमिशन की ऑब्झर्वेशन ते नर्सला तिथेच विचारा.

आम्ही पुढच्या वर्षी हाच ठेवतोय. पण कुणाचा जुना स्पेशालिस्ट नेटवर्कबाहेर असेल, किंवा मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला असेल, तर घेऊ नका, तिकडे इमर्जन्सी सोडून बहुतेक काही कव्हर होत नाही. आणि डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का हे वेबसाइटवर बघून थांबू नका, तिथली यादी जुनी असते, क्लिनिकला फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. माझं फिजिओचं रेफरल 14 डिसेंबरला संपतंय, तीन व्हिजिट्स उरल्यात, त्या आजच बुक केल्या.