जुनी २५जी नेटवर्क कार्डं, आठ महिने: आरडीएमए सोपं, पंख्यानं दमवलं

मे महिन्यात रोज दुपारी तीनला दोन मशीनमधली नेटवर्क लिंक जायची. सकाळी ठीक, दिवेलागणीला परत ठीक. पंधरा दिवस मी केबलला शिव्या घातल्या. केबलचा काही दोष नव्हता.

वाळूजला आमचं साच्यांचं डिझाइन ऑफिस आहे. एक मशीन स्टोरेजचं, एक सिम्युलेशनचं. दसऱ्याला आरडीएमएसाठी, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा टाकण्यासाठी, दोन जुनी कनेक्टएक्स-४ एलएक्स नेटवर्क कार्डं आणली. ती बनवणारी मेलानॉक्स कंपनी २०२० मध्येच एनव्हिडियाकडे गेली, पण कार्डावर अजून जुनंच नाव छापलंय. २५जी स्विचचा भाव ऐकून मालकांनी फोनच ठेवला, म्हणून डॅक केबलनं (दोन्ही टोकांना प्लग असलेली तांब्याची केबल) दोन्ही मशीन थेट जोडली. स्विच नाही म्हणजे पीएफसी, ईसीएन ही गर्दीत डेटा गळू नये म्हणूनची सेटिंग्ज लावत बसायची कटकटही नाही.

उबंटूत ड्रायव्हर आधीच असतो. आरडीएमए-कोअर आणि वेग मोजणारं परफटेस्ट टाकलं, पोर्ट ॲक्टिव्ह दिसला, रूटनं (ॲडमिन युजरनं) चाचणी धावली. साध्या युजरनं मात्र मेमरी रजिस्टर होईना, म्हणजे कार्डाला वापरायला देता येईना. कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं, म्हणून ती जागा खिळवून ठेवावी लागते आणि साध्या युजरला तेवढी परवानगी नसते. लिमिट्सच्या फाइलीत मेमलॉक (खिळवता येणाऱ्या मेमरीची मर्यादा) अनलिमिटेड केलं, लॉगआउट करून परत आलो, झालं.

पण वेग १३ गिगाबिट. विकणाऱ्याला फोन लावला. "साहेब, कार्ड चालतंय, तुमचंच काहीतरी चुकतंय." तीन फोन, दोन वेळा आवाज चढला, बदलून देणार नाही म्हणाला. मी इथेच एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. मग स्लॉटची माहिती देणारी एलएसपीसीआय कमांड बघितली: स्लॉट दिसायला सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाच्या वाटा), आत जुन्या जेन-२ वेगाच्या चारच. शेजारच्या स्लॉटात कार्ड हलवलं, २३ लागला. त्या माणसाला सांगितलं नाही अजून.

मग एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याची सोय, आरडीएमएवर चालू केलं, पोर्ट २००४९. ४० जीबीची रिझल्ट फाइल जुन्या एक गिगाबिटवर सहा मिनिटं घ्यायची, आता चहा ओतेपर्यंत येते. खरं सांगायचं तर त्यातला बराचसा वेग याच कार्डांवर नेहमीच्या टीसीपी नेटवर्किंगनंही मिळाला असता. फरक प्रोसेसरमध्ये दिसतो: आधी कॉपी चालू असली की सॉल्व्हर (सिम्युलेशनचं गणित सोडवणारा प्रोग्राम) रडायचा, आता त्याला पत्ताच नसतो.

आता पंखा. ही कार्डं रॅकसाठीची, अंगावर फक्त ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, वारा सर्व्हरनं द्यायचा. आमचं कॅबिनेट टॉवर, एसी मालकांच्या केबिनमध्ये, बाहेर ४२ अंश. तापमान वाचायचं टूल टाकलं तर दुपारी आकडा ११० च्या पुढे! पट्टीला बोट लावलं, फोड आला. पैठण गेटवरून १८० रुपयांचा ८० मिलिमीटरचा पंखा आणला, झिप टायनं बांधला. आकडा ६२. त्यानंतर एकदाही लिंक गेली नाही. एवढं महाग शास्त्र त्या १८० रुपयांवर अडलं होतं राव. विकताना कुणी चकार शब्द काढत नाही, याचाच मला जास्त राग आहे.

स्टोरेजच्या मशीनलाही लावून टाक म्हणून मालक परवा सांगून गेले. पहिल्या पंख्याचे १८० अजून मला मिळालेले नाहीत.