फक्त पिन खरी होती

निळ्या खड्याचा तो ब्रोच माझ्याकडे येऊन चार महिने झाले, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा उलटा करून नीट पाहिला गेला. पाहणारी मी नव्हते. जुने ब्रोच जमवायला लागून मला अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत घेतलेल्या सगळ्यात महागड्या वस्तूची मागची बाजू मी भिंगाखाली धरलीच नव्हती. पैसे गेले त्यापेक्षा हे मला अजून जास्त लागतं. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगते. ज्या पद्धतीने मला फसवलं, ती पद्धत नवख्या माणसासाठी नाहीच. थोडंफार कळणाऱ्या माणसासाठी आहे.

त्या विक्रेत्या बाई मला एका प्रदर्शनात भेटल्या. बोलणं मोकळं, माहिती पक्की. मी त्यांच्याकडून पहिल्यांदा घेतला तो चांदीचा छोटा मार्कसाइटचा ब्रोच. (दागिन्यांत मार्कसाइट म्हणून जे बसवतात ते खरं तर पायराइट नावाचं चमकदार खनिज असतं, हेही त्यांनीच मला सांगितलं.) दोन खडे पडलेत, एक नंतर बसवलाय, हे त्यांनी मी विचारायच्या आधी दाखवलं आणि किंमत कमी लावली.

दुसरा ब्रोच हिरव्या खड्याचा होता. मला तो पाचू वाटला. त्या म्हणाल्या, "नाही हो ताई, हा जोडखडा आहे. वर गार्नेट या लाल रत्नाचा पातळ पापुद्रा, खाली हिरवी काच." मग त्यांनी तो खडा तोंड खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि कडेने उमटलेली लाल कड मला दाखवली. एकोणिसाव्या शतकात असे खडे भरपूर बनले. वरचं गार्नेट कठीण असल्याने सहज चरे पडत नाहीत, आणि काच स्वस्त असल्याने रंग हवा तो देता येतो. भिंगातून पाहिलं की जोडाच्या पातळीवर हवेचे बारीक बुडबुडे दिसतात. हे सगळं त्यांनी सांगितलं, मी घरी येऊन पडताळलं, आणि सगळं खरं निघालं.

पाचू म्हणून विकता आला असता असा खडा जी बाई स्वतःहून काच म्हणून सांगते, तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही? माझा बसला. त्या दोन छोट्या व्यवहारांत त्यांनी जे सोडलं, ते पुढच्या एका व्यवहारात कितीतरी पटींनी वसूल केलं.

तिसऱ्या वेळी त्यांचा फोन आला. एका जुन्या घराण्यातला ब्रोच आहे, साधारण १८८० चा, मधे नैसर्गिक नीलम, भोवती जुन्या घाटाचे हिरे, सोनं १५ कॅरट. घरच्यांना नाव बाहेर यायला नकोय. "अजून दोघं मागे लागलेत, पण तुम्हाला कळतं म्हणून आधी तुम्हाला विचारते." मुदत दोन दिवसांची.

समोरून काढलेले फोटो अप्रतिम होते. मी मागच्या बाजूचे मागितले. पहिल्यांदा धूसर आले. पुन्हा मागितले तर उत्तर आलं, की पिन नाजूक आहे, सारखी उघडझाप नको. तिसऱ्यांदा एकच फोटो आला, फक्त पिनेचा, आणि त्यावर १५ कॅरटचा शिक्का स्वच्छ दिसत होता.

तो फोटो पाहिला आणि मी विचारायचं थांबले. ब्रिटनमध्ये १५ कॅरट हा दर्जा १८५४ साली मान्य झाला आणि १९३२ साली बंद झाला, त्याच्या जागी १४ कॅरट आला, हे मला पाठ होतं. म्हणजे शिक्का खरा असेल तर वस्तू त्या ७८ वर्षांतलीच, असा हिशेब मी मनात मांडला. हिशेब बरोबरच होता, फक्त तो पिनेपुरता होता. ब्रोचचं अंग कधीचं आहे हे पिनेवरचा शिक्का सांगू शकत नाही, आणि अंगावर शिक्का आहे का, हे मी विचारलंच नाही. आता उलगडतं की माझ्या तोंडून त्या वर्षांचा उल्लेख त्यांनी प्रदर्शनात ऐकला होता. मला काय पाहून खात्री पटते हे त्यांना माहीत होतं, आणि नेमकं तेवढंच त्यांनी मला दाखवलं.

शिवाय प्रमाणपत्र होतं. एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं, नैसर्गिक नीलम असल्याचं, वजन दोन दशांशांपर्यंत दिलेलं. ते खोटं नव्हतं. मी नंतर क्रमांक टाकून पाहिला, नोंद सापडली. पण ते एका सुट्या खड्याचं होतं. खडा कोंदणात असताना त्याचं अचूक वजन करता येत नाही. अशा वेळी प्रयोगशाळा मापांवरून अंदाजे वजन काढते आणि ते अंदाजे असल्याचं लिहिते, खडा दागिन्यात बसवलेला आहे हेही लिहिते, आणि फोटो असला तर तो सबंध दागिन्याचा असतो. माझ्या हातातल्या कागदावर फोटो एकट्या खड्याचा होता. "शंभर-सव्वाशे वर्षांत ज्याच्या खडा धरणाऱ्या नख्या कुणी उघडल्या नाहीत" अशा ब्रोचमधला खडा सुटा कसा तोलला गेला, हा प्रश्न त्या कागदाकडे पाहतानाच पडायला हवा होता. दोन वर्षं बाजूला टाकलेले पैसे मी त्याच संध्याकाळी पाठवले.

ब्रोच हातात आला तेव्हा तो मला हलका वाटला. मी फोन करून तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, त्या काळचं काम पोकळ असायचं. हेही खरंच आहे, व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं बरंच सोनकाम पोकळ असतं. मला गप्प करायला त्यांनी प्रत्येक वेळी एक खरी गोष्टच वापरली.

चार महिन्यांनी रत्नशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीला मी तो कौतुकाने दाखवला. तिने समोरची बाजू क्षणभर पाहिली आणि लगेच उलटा केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग दहापट भिंग माझ्या हातात देऊन म्हणाली, "तूच बघ. आधी पिन, मग आकडी."

पिन झिजलेली होती. जिथे ती आकडीत अडकते तिथे धातू घासून गुळगुळीत झाला होता. पण ज्या आकडीत ती म्हणे शतकभर अडकत होती, तिच्या आतल्या बाजूला एक चरासुद्धा नव्हता. कडा कालच कानशीने घासल्यासारख्या धारदार. जुन्या ब्रोचमध्ये या दोघींची झीज एकमेकींशी जुळते, पिनेने आकडीत आपली खाच पाडलेली असते. शिवाय त्या काळच्या साध्या आकडीच्या ब्रोचमध्ये पिन पुष्कळदा ब्रोचच्या कडेबाहेर डोकावते. इथे ती मापात कापलेली होती, आणि टोकाला नव्याने घासल्याच्या आडव्या रेघा होत्या. बिजागरीपाशी डाख, म्हणजे सोल्डर, वेगळ्या रंगाचा, करडा, आणि त्याच्याभोवती धातू काळवंडलेला.

मग तिने मला खड्यामागची जाळी दाखवली. हाताने केलेल्या जुन्या कामात जाळी करवतीने कापलेली असते. आतल्या कडांवर करवतीच्या रेघा दिसतात आणि कुठलीही दोन छिद्रं तंतोतंत सारखी नसतात. माझ्या ब्रोचमधली सगळी छिद्रं एकसारखी होती, कोपरे बोथट, आणि पॉलिश न पोचणाऱ्या खोबणीत बारीक बारीक खड्डे. साच्यात ओतलेल्या धातूची ही खूण. अंग सोन्याचं नव्हतंच. चांदीवर मुलामा होता. हलकेपणाचं कारण तेच, सोन्यापेक्षा चांदी बरीच हलकी. पिन तेवढी १५ कॅरटची. खरं तर पिनेला चिवटपणा लागतो म्हणून १५ कॅरटच्या ब्रोचलाही कधी कधी ९ कॅरटची पिन लावत. पिनेवर उंची शिक्का आणि अंग कोरं, हा उलटा प्रकार दिसला की थांबायचं, हे मी आता कधी विसरणार नाही.

नीलम तिने पांढऱ्या तळाच्या भांड्यात द्रवात बुडवून पाहिला. नैसर्गिक नीलमात रंगाचे पट्टे असतील तर ते सरळ असतात आणि स्फटिकाच्या आकाराप्रमाणे कोनात वळतात. या खड्यात ते कमानीसारखे वाकलेले होते, शेजारी गोल बुडबुडे. ज्वालेच्या भट्टीत वाढवलेल्या कृत्रिम खड्याची ही ओळख. ती रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हेर्नुई यांनी १९०२ साली जाहीर केली, तीही आधी माणकासाठी. निळा नीलम त्या रीतीने साधला तो १९१० च्या आसपास. म्हणजे १८८० च्या ब्रोचमध्ये तो मुळात असूच शकत नाही. इथे एक सांगायला हवं, की १९२०-३० च्या अस्सल दागिन्यांतही असे कृत्रिम खडे सापडतात, आणि ती लबाडी असेलच असं नाही. तेव्हा ती नवलाईची गोष्ट होती आणि लोक आवडीने वापरत. माझ्याकडेही तसा एक ब्रोच आहे आणि तो मला प्रिय आहे. खडा कृत्रिम असल्याचं मला दुःख नाही. तो नैसर्गिक आणि १८८० चा म्हणून माझ्या गळ्यात मारला, हे दुःख आहे.

हिरे तर हिरे नव्हतेच. जुन्या घाटाच्या हिऱ्याची वरची सपाटी लहान, माथा उंच, आणि तळाचं टोक कापलेलं असल्यामुळे वरून पाहिल्यावर मधोमध छोटं वर्तुळ दिसतं. इथे एकातही ते वर्तुळ नव्हतं. सगळे आधुनिक पैलूंचे क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे बाजारात ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात ते कृत्रिम खडे. हा माल १९७६ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर बनायला लागला.

मी फोन केला. आधी त्या म्हणाल्या, जसा आला तसा दिला. मग म्हणाल्या, पावती वाचा. पावतीवर लिहिलं होतं, "व्हिक्टोरियन धाटणीचा ब्रोच, निळा रत्नखडा, पिन १५ कॅरट." फोनवर ऐकलेलं नीलम, हिरे, १८८०, यातलं काहीही कागदावर नव्हतं. आणि जे होतं त्यातलं एक अक्षरही खोटं म्हणता येत नव्हतं. धाटणीचा, म्हणजे त्या काळाचा नव्हे! हा शब्द मी ब्रोच मिळाला त्या दिवशीही वाचला होता आणि माझ्या डोळ्यांनी तो ओलांडला होता. दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर त्यांनी बंद केला, पाठवलेले फोटोही पुसून टाकले. पैसे ज्या मार्गाने दिले तिथे तक्रार करायची मुदत उलटून गेली होती. रीतसर तक्रार केली आहे, प्रमाणपत्र आणि पावती जोडली आहे. अजून काही हाती आलेलं नाही. त्यांचे फोटो मी माझ्याकडे वेगळे जपून ठेवले असते तर ती तक्रार पुष्कळ भक्कम झाली असती.

तुम्ही जमवणारे असाल, तर एवढं मनापासून सांगते. विक्रेता जे बोलतो ते पावतीवर लिहून मागा: खडा नैसर्गिक की कृत्रिम, काळ कोणता, अंगाचा धातू कोणता, पिन आणि आकडी मूळची की बदललेली. पिन बदललेली असणं हा गुन्हा नाही, शंभर वर्षांत पिना तुटतातच, आणि प्रामाणिक विक्रेता तसं लिहून देताना अडखळत नाही. मागच्या बाजूचे फोटो मिळत नसतील तर वस्तू सोडून द्या, कितीही हळहळ वाटली तरी. आणि परीक्षण पहिल्या आठवड्यातच करून घ्या. मी चार महिने तो ब्रोच फक्त समोरून पाहत राहिले, आणि तेवढ्यात तक्रारीची मुदत संपली.

मागच्या महिन्यात मी खूप दिवसांनी एक ब्रोच घेतला. लहानसा, गार्नेटचा. विक्रेत्याने न मागता मागचे सहा फोटो पाठवले आणि कळवलं की आकडीजवळ जुनी दुरुस्ती आहे. आला त्या दिवशीच भिंग लावलं. आकडीच्या आत पिनेने पाडलेली खाच होती.

तो निळा ब्रोच मी विकणार नाही, मोडणारही नाही, कारण तो पुन्हा कुणाच्या हातात गेला तर कुणीतरी त्याला पुन्हा १८८० चा म्हणेल. वेगळ्या डबीत, त्याच्यात काय खरं आणि काय खोटं याची चिठ्ठी घालून ठेवला आहे. मात्र ती डबी उघडली की माझं लक्ष नीलमाकडे जात नाही, पिनेकडे जातं. ती कुणीतरी शंभरावर वर्षांपूर्वी घडवली, कुणीतरी ती इतक्यांदा लावली आणि काढली की धातू झिजून गुळगुळीत झाला. तिचा स्वतःचा ब्रोच कुठेतरी होता, त्याच्यावर कदाचित खराच नीलम होता. माझ्यासारख्या एका गिऱ्हाइकाला पटवायला कुणीतरी त्याची पिन कापून घेतली, आणि बाकीच्या ब्रोचचं काय केलं ते मला कधीच कळणार नाही.