सोयाबीन विकायचं कुठं: हर्रास की वायदे बाजार?

हर्रासाची, म्हणजे बाजार समितीतल्या उघड लिलावाची, मुळं आपल्याच वऱ्हाडात आहेत. 1886 मध्ये कारंजा लाडला देशातला पहिला नियमित कापूस बाजार उभा राहिला. 1897 च्या कायद्यानं बाजार समिती, दलालांचे परवाने आणि वजनमापांची तपासणी आली. बाजार समितीच्या यार्डात आजही ढीग आपल्या डोळ्यांसमोर असतो. व्यापारी मनगटापर्यंत हात खुपसतो, आतले दाणे काढतो, एखादा दाताखाली धरतो. दाणा मऊ लागला की बोली उतरली! बोली नको असेल तर माल परत न्यावा म्हणतात, पण भाड्याची गाडी दारात उभी असताना ते जमतं कुणाला? तरी पैसा हातात येतो, तोही लवकर.

वायदे बाजारात पुढच्या महिन्यातल्या मालाचा भाव आजच ठरतो. तिथं ढीग नाही, ठरलेली प्रत आणि टनांतला सौदा. वर मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी अनामत, भरायचं. पाच एकरवाल्याला एकट्यानं झेपणारं नाही, शेतकऱ्यांनी मिळून काढलेली शेतकरी उत्पादक कंपनीच हवी. पण पुढच्या महिन्यांचा भाव आधी दिसायचा, हे मोठं होतं. डिसेंबर 2021 मध्ये या बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनचे वायदे थांबवले, मग बंदीची मुदत वाढतच गेली.

मी माल हर्रासातच नेईन. पण आज विकू की शिमग्यापर्यंत थांबू, हे ठरवताना तो पुढचा भाव मला हवाच आहे.