गाडीची पुढची काच बदलताना झालेली फसवणूक

माझी फसवणूक पैशांपुरती असती तर मी हे इतक्या विस्ताराने लिहिले नसते. परंतु ज्या गाडीत माझी आई डायलिसिसला जाताना पुढच्या सीटवर बसते, त्या गाडीला खोट्या आयएसआय क्रमांकाची काच साध्या सिलिकॉनने चिकटवून ती ‘कंपनीची’ म्हणून मला विकण्यात आली. काच स्वच्छ होती, चकचकीत होती आणि उघड्या डोळ्यांनी पाहून कुणालाही शंका येऊ नये अशीच होती. म्हणून यातले बारकावे गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावेत असे मला मनापासून वाटते.

मे महिन्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून परतताना खडीने भरलेल्या एका डंपरमधून दगड उडाला आणि काचेच्या डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान टवका उडाला. असा टवका लहान असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर येत नसेल, तर बहुतेक वेळा काच बदलावी लागत नाही. टवक्यावर एक छोटे यंत्र बसवून आतली हवा खेचून घेतात, त्या जागी दाबाने रेझिन भरतात, ते अतिनील किरणांच्या दिव्याखाली घट्ट होऊ देतात आणि मग वरचा भाग ब्लेडने खरवडून सपाट करतात. पूर्व उपनगरातील ज्या दुकानात मी गेले, तेथे याच कामाचे पैसे घेण्यात आले. परंतु यंत्रही नव्हते आणि दिवाही नव्हता. दुकानदाराने एका लहान ट्यूबमधून पारदर्शक द्रव टवक्यावर सोडला, बोटाने दाबला, उन्हात वाळू दिला आणि “ताई, आता दहा वर्षं बघायला नको,” असे सांगितले.

त्याच आठवड्यात, भर दुपारी तापलेल्या गाडीत एसी सुरू असताना, घाटकोपरजवळच्या एका खड्ड्यात चाक आपटले आणि त्या टवक्यातून निघालेला तडा माझ्या डोळ्यांदेखत खालच्या कडेपर्यंत गेला. बाहेरून तापलेली आणि आतून गार झालेली काच आधीच ताणाखाली असते, त्यात हादऱ्याने गाडीचा सांगाडा किंचित पिळवटतो, आणि नीट न भरलेला टवका हा ताण सोडण्याची सर्वांत सोपी जागा ठरतो. पुढची काच प्रत्यक्षात दोन काचांची असते आणि त्यांच्यामध्ये साधारण ०.७६ मिलिमीटर जाडीचा पीव्हीबी नावाचा प्लास्टिकचा थर असतो. त्यामुळे ती बाजूच्या काचांप्रमाणे चुरा होऊन खाली पडत नाही, तडा गेला तरी जागेवर राहते, आणि नेमके यामुळेच अनेक लोक तडा गेलेल्या काचेने महिनोन्‌महिने गाडी चालवत राहतात. मात्र समोरून ऊन किंवा दिव्यांचा झोत आला की तड्यावर प्रकाश फुटतो आणि रस्ता ओलांडणारा माणूस त्या चकाकीत क्षणभर दिसेनासा होतो. काच बदलणे भाग होते.

मी विम्याचा दावा करणार असे म्हणताच त्याच दुकानदाराने मला परावृत्त केले. “क्लेम केलात की तुमचा नो क्लेम बोनस गेला, रोखीत करा, स्वस्तात पडेल,” हे त्याचे म्हणणे अर्धसत्य होते. दाव्याने बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकते हे खरे; पण ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के असते, म्हणजे नुकसान किती हे ज्याच्या-त्याच्या पॉलिसीवर ठरते, आणि बोनस सुरक्षित ठेवणारे जोड-संरक्षण अनेकांनी घेतलेले असते. शिवाय नेहमीच्या सर्वसमावेशक मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, आणि १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातला आपण स्वतः भरायचा भाग, १,००० रुपये असते. दावा झाला असता तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला असता आणि पक्के बिल द्यावे लागले असते. रोखीचा आग्रह माझ्या बचतीसाठी नव्हता, तपासणी टाळण्यासाठी होता, हे आता मी खात्रीने सांगू शकते.

काच कंपनीची आहे का, हे मी स्पष्ट विचारले होते. त्याने कोपऱ्यातला शिक्का दाखवला, त्यावर आयएसआयची खूण होती, खाली परवाना क्रमांक होता आणि ‘लॅमिनेटेड’ असेही छापलेले होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढची काच लॅमिनेटेडच असावी लागते आणि तिचे मानक आयएस २५५३ हे आहे. कंपनीची नसलेली प्रत्येक काच वाईट असते असे मुळीच नाही, हे येथे नमूद करायला हवे; खऱ्या आयएसआय परवान्याची दुसऱ्या उत्पादकाची काच कमी किमतीत मिळते आणि ती निर्धास्तपणे बसवता येते. माझा आक्षेप लोकल काचेला नाही, ती दुसऱ्याच्या नावाने आणि खोट्या क्रमांकाने विकण्याला आहे.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा आत तीव्र आंबट वास येत होता, व्हिनेगरची बाटली सांडल्यासारखा. नव्या कामाचा वास आहे, खिडकीची काच थोडी खाली ठेवा, असे मला सांगण्यात आले. तो वास ॲसिटिक आम्लाचा होता. बाथरूमच्या फटी बुजवायला जे स्वस्त सिलिकॉन वापरतात, त्यातल्या एका प्रकारातून सुकताना हे आम्ल बाहेर पडते आणि उघड्या पत्र्याला गंज आणते. गाडीची काच बसवण्यासाठी पॉलियुरेथेन चिकटवणी लागते. ती हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, आधी पत्र्यावर आणि काचेवर प्रायमर लावावा लागतो, आणि किती वेळ गाडी हलवायची नाही हे तिच्या उत्पादकाने ठरवून दिलेले असते. काच बसवणाऱ्याकडे ती ट्यूब पाहायला मागावी, तिच्यावरची मुदतीची तारीख वाचावी, आणि तो दाखवायला तयार नसेल तर गाडी तेथे ठेवू नये.

जुन्या काचेवरचा फास्टॅग त्याने सोलून नव्या काचेवर चिकटवून दिला होता. तो पुढच्या टोलनाक्यावर वाचलाच गेला नाही, कारण एकदा उपटलेला फास्टॅग निकामी होतो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात काचेच्या डाव्या कडेला असलेल्या गाडीच्या खांबाच्या बाजूने पाणी झिरपू लागले आणि पायाखालचे कार्पेट भिजून कुबट वास सुटला. त्याहून भीतीदायक अनुभव रात्रीचा होता. पूर्व द्रुतगती महामार्गावर समोरच्या प्रत्येक गाडीचा दिवा मला दोन-दोन दिसत होता, एकावर एक किंचित सरकलेला. माझ्या डोळ्यांत दोष नव्हता. डोके खिडकीबाहेर काढून पाहिले की तोच दिवा एकच दिसे. दोन काचांचे पृष्ठभाग एकमेकांशी नीट जुळलेले नसले की असे होते.

मग मी गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. तेथील अनुभवी कारागिराने कडेचे बीडिंग उचलले, चिकटवणीखाली पाते सरकवले आणि ती पूर्ण लांबीची पट्टी एका हाताने ओढून काढली. खरी पॉलियुरेथेन चिकटवणी अशी निघत नाही, ती तारेने कापावी लागते. खाली प्रायमर नव्हता, जुना थर खरवडताना रंग पत्र्यापर्यंत निघाला होता आणि तेथे गंज धरला होता. त्याने मला भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर काचेवरचा परवाना क्रमांक टाकून पाहायला सांगितले. तो क्रमांक काचेच्या कोणत्याही उत्पादकाचा नव्हता. ही तपासणी फुकट आहे, मोबाइलवर होते आणि काच बसवण्यापूर्वीच करता येते.

“मॅडम, पाणी गळलं ते बरं झालं, नाहीतर तुम्ही अशीच फिरवली असती,” असे तो म्हणाला आणि त्याने जे समजावले ते ऐकून माझे हातपाय गार पडले. डाव्या बाजूची एअरबॅग डॅशबोर्डमधून वर उसळते, पुढच्या काचेवर आदळते आणि तिचा आधार घेऊन प्रवाशाकडे वळते. काच पक्की बसलेली नसेल तर धक्का बसताच ती बाहेर ढकलली जाऊ शकते, आणि मग एअरबॅगला मागे टेकायला काहीच उरत नाही. गाडी उलटली तर छत दबू न देण्याच्या कामातही या काचेचा वाटा असतो. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची झाली. पण तिची मदार ज्या काचेवर असते, ती दुकानदाराने कशाने चिकटवली हे कुणी तपासत नाही. अनेक नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो, त्यांच्या मालकांनी काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घेतल्याचा कागदही मागावा.

दुकानदाराने आधी हात वर केले. त्याने दिलेल्या कागदावर जीएसटी क्रमांक नव्हता, काचेचे वर्णन नव्हते, फक्त रक्कम होती. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, हे त्याला ठाऊक नसावे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि लेखी नोटीस पाठवली. त्यावर, निम्मे पैसे परत करतो पण तक्रार नाही असे लिहून द्या, असा निरोप आला. तो मी नाकारला आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. प्रकरण अजून सुरू आहे. वर्कशॉपचा लेखी अहवाल, ॲपवरच्या निकालाचे छायाचित्र आणि सिलिकॉनची ती पट्टी माझ्याकडे आहे. काढलेली काच मात्र वर्कशॉपवाले एरवी त्याच दिवशी भंगारात टाकतात, म्हणून ती शिक्क्यासह जपून ठेवण्याची सूचना ती उतरवण्यापूर्वीच लेखी द्यावी लागते.